कारण: दमट हवा

उजव्या हाताचं एक बोट वर, डोळे मिटलेले आणि मान किंचित डावीकडे कललेली. बाई कॉम्प्युटरसमोर अशा बसल्या की खोलीतल्या सगळ्यांनी गप्प राहायचं, असा रिवाजच होता. तरी कुणाला तरी राहवायचं नाही. "बाई, काल रात्रीपर्यंत चांगला होता हो, आज सकाळी बघतो तर..." एवढं होईपर्यंत ते बोट हलायचं.

"तुमी थांबा. आदी त्याला बोलू द्या."

मग त्या बटण दाबायच्या. पेटीतला पंखा घरघरायचा, एखादी बीप यायची, पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन अडायची किंवा काहीच यायचं नाही. बाई डोळे उघडायच्या नाहीत. बंद करायच्या, दहा आकडे मोजायच्या आणि पुन्हा चालू करायच्या. असं तीनदा झाल्याशिवाय त्यांनी पिशवीतून हत्यार काढलेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या शाळा, डेअऱ्या, पतपेढ्या, झेरॉक्सची दुकानं, यांतला कुठलाही कॉम्प्युटर सकाळी उठेनासा झाला की बाईंना फोन जायचा. त्यांना नाव होतं, भोरातल्या त्यांच्या दुकानाच्या पाटीवर ते मोठ्या अक्षरात होतं. पण लोकांच्या तोंडात नुसतं 'बाई'. "बाईंना बोलवा" म्हटलं की शाळेच्या बाई की ग्रामपंचायतीच्या बाई, असा प्रश्न कुणाला पडत नसे.

त्या भोरच्याच. आजोबांपासून मुसलमान मोहल्ल्यात घर. बोलणं मात्र तुमच्या-आमच्यासारखं, म्हणजे माझ्यापेक्षाही पक्कं गावरान. पन्नाशीला आलेल्या, अंगानं बारीक, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी. नवऱ्यानं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. तो अचानक गेला. मागे सात मशीन राहिली, त्यातली चार बंद. एकदा चहा पिताना त्यांनी मला सांगितलं, "घरात दिवसभर माणसं. रडाया जागा न्हाई. मग क्लासचं दार लावून येक येक पेटी उगडत बसले. चार बंद होत्या त्या चालू केल्या, आन् येक चालू होती ती बंद पाडली. तवा समजलं, कशानं काय होतं." एवढंच त्यांचं शिक्षण. पण दोन तालुक्यांत त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

चालू झाल्यानंतरच्या तक्रारींत त्यांना फारसा रस नसे. त्यांचा सगळा जीव मशीनच्या पहिल्या मिनिटात. "उठतानाच कळतं," म्हणायच्या. "माणसाचं बी तसंच हाय. सकाळी उठताना कन्हतो का, खोकतो का, का भितीला धरून उटतो. दिवसभर काय, समदे चांगलेच दिसत्यात."

आणि दुसरा त्यांचा हट्ट म्हणजे कारण. त्यांनी भोरातून छापून घेतलेलं एक पावतीपुस्तक होतं. त्यावर तारीख, ठिकाण, बिघाड, कारण आणि उपाय असे रकाने. काम झालं की त्या शांतपणे ते भरायच्या आणि एक प्रत फाडून द्यायच्या. कारणाचा रकाना कोरा ठेवून त्यांनी कधी कागद दिला नाही. कारण सापडलं नाही तर मुक्काम करायच्या. उत्रोलीच्या बाजूला एका डेअरीत खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा झाली. तिथपर्यंत ठीक, पण उत्साहात नारळही पेटीच्या कोपऱ्यावरच फोडला. दुसऱ्या दिवशी बाईंनी कागदावर लिहिलं, 'कारण: नारळाचं पाणी. उपाय: पुढल्या वर्षी नारळ जमिनीवर फोडावा.' डेअरीच्या चेअरमननी तो कागद लपवला, पण तोवर गावानं वाचला होता. वर त्यांनी चेअरमनना बजावलं, "हळद-कुकू लावा की, नको कोन म्हनतंय? पन पंख्याला नका लावू. त्याला श्वास घ्यायचाय." आणि प्रसादाचं खोबरं मागून घेतलं.

आता माझ्याकडे वळतो. हे व्यक्तिचित्र बाईंचं असलं तरी त्यातला गुन्हेगार मी आहे.

वेल्ह्याच्या पुढे पासलीच्या वाटेवर आमची शाळा. पाचवी ते दहावी, पत्र्याची सात दालनं आणि एक कार्यालय. त्या कार्यालयात मी सव्वीस वर्षं लेखनिक होतो. लेखनिकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात आणि मला ते शोभायचं, असं माझं मत होतं. माझं अक्षर. त्याबद्दल मी नम्रपणा करणार नाही. माझ्या हातचा शाळा सोडल्याचा दाखला लोक लग्नपत्रिकेसारखा जपून ठेवायचे. स्टीलच्या पट्टीनं आखलेली रजिस्टरं तपासायला आलेले साहेब पानं उलटतच राहायचे आणि तपासायचं विसरायचे.

मग कॉम्प्युटर आला. एका जून महिन्यात खोक्यातून निघाला आणि खिडकीशेजारच्या कोपऱ्यात बसला. त्याच्यासोबत फर्मान आलं, की यापुढे मुलांची सगळी माहिती यातून वर जायची. मला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे माझ्या शेजारी बसलेल्या बाप्याला सगळं येत होतं, त्यानं माझंही करून दिलं, आणि मी प्रमाणपत्र घेऊन परत आलो.

पहिल्याच महिन्यात नववीची सबंध यादी सकाळपासून दुपारपर्यंत एका बोटानं टाइप केली. शेवटच्या नावाला लाइट गेली. आली तेव्हा पडदा कोरा. एकही नाव नाही. माझ्या रजिस्टरातून तोवर एक टिंब हरवलं नव्हतं, हो. मी खुर्चीत बसून राहिलो. हेडसर आले, त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या शिक्षकांदेखत म्हणाले, "भाऊसाहेब, संस्थेनं स्पष्ट कळवलंय. ज्याला हे जमणार नाही त्याची बदली घाटाखालच्या शाखेत, वसतिगृहाच्या कोठीवर. मला दुसरा क्लार्क द्यायला ते तयार आहेत."

घाटाखाली म्हणजे घर सुटणार. घरात म्हातारे वडील आणि आमच्याच शाळेत आठवीला असलेली मुलगी. आणि खरं सांगू? वडिलांपेक्षा, मुलीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती होती. 'भाऊसाहेबांना जमलं नाही', हे वाक्य गावात फिरेल याची.

त्याच पावसाळ्यात मशीन पहिल्यांदा खरोखर बिघडलं आणि बाई आल्या. भोरहून नसरापूर, तिथून दुसरी एसटी वेल्ह्याला, पुढे दुधाच्या टेम्पोत पुढच्या सीटवर. कोरा चहा घेतला, बोट वर केलं, तीनदा ऐकलं. एक लांब बीप, जराशी उसंत, पुन्हा लांब बीप. पडदा काळा. मग त्यांनी पेटीची बाजू उघडली. आत एक वीतभर पट्टी उभी खोचलेली होती, तिच्या दोन टोकांना दोन पांढऱ्या चिमट्या. त्यांनी चिमट्या बाजूला सारल्या, पट्टी उपसली, तिच्या कडेचे सोनेरी दात माझ्याच टेबलावरच्या खोडरबरानं घासले आणि पट्टी परत दाबली. दोन्ही चिमट्या टक्क वाजल्या. मशीन उठलं. कागदावर लिहिलं, 'कारण: खडूची धूळ.'

"ही पट्टी म्हंजी त्याची आटवण," त्या मला म्हणाल्या. "जरा सैल झाली की ते जागं हुईत न्हाई. नुस्तं वरडतं."

दुरुस्ती बघता बघता मी बिघाड शिकलो.

भाद्रपदात वरून माहिती मागवली गेली. शेवटची तारीख सोमवार. सोमवारी सकाळी मी शिपायाच्याही आधी शाळेत पोचलो. पेटीचे स्क्रू माझ्या स्टीलच्या पट्टीच्या कडेनं फिरवले, झाकण सरकवलं, एक पांढरी चिमटी बोटानं मागे ओढली. आतली पट्टी किंचित वर आली. झाकण लावलं, हात धुतले. अकरा वाजता हेडसरांच्या समोर बटण दाबलं. लांब बीप. मी चेहरा पाडला. तो अभिनय चांगला झाला असावा, कारण हेडसरांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. तोवर मुदत टळली होती आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मुदतवाढही मिळाली होती. त्यांनी तीनदा ऐकलं. पेटी उघडली. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण माझे कान मागे होते. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग टक्क. एकच टक्क. पहिल्या वेळी दोन्ही चिमट्या वाजल्या होत्या.

कागद हातात आला. 'कारण: दमट हवा.'

मला वाटलं, सुटलो. बाईंना कळलं नाही. आमच्याकडे भाद्रपदात वह्यांना बुरशी येते, दमट हवेवर कोण शंका घेणार?

पण त्या लगेच निघाल्या नाहीत. "तपासाया लागंल," म्हणाल्या. "भाऊसाहेब, तुमी बसा. माजा चष्मा ईष्टीत ऱ्हायला. मला काय दिसत न्हाई. म्या सांगते तसं तुमी करा."

मी बसलो. काय करणार? त्या मागे उभ्या. दहा मुलांची नावं टाइप करायला लावली. "आता तिथं कोपऱ्यात चौकोनी चित्र हाय का? ते दाबा. नाव इचारतंय? द्या की नाव, तुमच्या लेकीचंच द्या." मी दिलं. आणि मग, मी अजून पडद्याकडेच बघत असताना, बाई खाली वाकल्या आणि भिंतीतली वायर खसकन उपटली.

पडदा काळा झाला. माझ्या तोंडून ओरडच आली.

"थांबा," बोट वर. दहा आकडे मोजले. वायर खोचली, बटण दाबलं. पंखा, एक छोटी बीप, पडदा. "आता लेकीच्या नावाचं उगडा." उघडलं. दहाच्या दहा नावं होती.

"हाय का?"

"आहे."

"परत उपटू?"

"नको!"

त्यांनी परत उपटली. त्या दुपारी तीनदा. तिसऱ्या वेळी मी ओरडलो नाही. "बगा," त्या म्हणाल्या, "मरत न्हाई ते. येकदा सेव केलं की लाइट जाऊ दे न्हाई तर डोंगर पडू दे." त्या गेल्या तेव्हा टेम्पोत चढताना पिशवीतून काहीतरी काढताना मला दिसलं. चष्मा होता.

जाण्याआधी त्यांनी हेडसरांच्या केबिनमध्ये जाऊन एक गोष्ट केली. "सर, ही मशीन लई नाजूक हाय. हिला येकच हात पायजे. हात बदलला की रुसती. रोज तासभर भाऊसाहेबांना बसवा, दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नका." हेडसर इतिहासाचे. त्यांनी तो आदेश लेखी काढला. माझ्या आयुष्यात मिळालेली ती सर्वांत मोठी रजा, की रोज दुपारी दार लावून एक तास मशीनपुढे चुका करायच्या आणि कुणी बघायचं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर तरी भाऊसाहेब सुधारले असतील. नाही हो. भीती अशी एका दुपारी जात नाही. नावं टाइप करणं जमायला लागलं, पण ती वर पाठवायची वेळ आली की बोट बटणापाशी जाऊन परत यायचं. एकदा पाठवलं की परत घेता येत नाही, खाडाखोड करून शेजारी सही मारता येत नाही. फेब्रुवारीत मी पुन्हा चिमटी ओढली. मे महिन्यात तिसऱ्यांदा.

फेब्रुवारीतही कागदावर दमट हवाच. हेडसरांनी तो न वाचता फायलीला लावला. मे महिन्यात मात्र बाहेर रस्त्यावरचं डांबर विरघळत होतं, विहिरीनं तळ गाठला होता, निकालाच्या कामाला आलेले शिक्षक वहीनं वारा घेत होते, आणि बाईंनी लिहिलं, 'कारण: दमट हवा.'

हेडसरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, मे महिना आहे."

"व्हय सर."

"मे महिन्यात दमट हवा?"

"सर, तुमी खुर्चीत बसता. ती पेटी कोपऱ्यात बसती. कोपऱ्यातली हवा येगळी आसती." एवढं बोलून त्यांनी पिशवी खांद्याला लावली. हेडसरांनी कोपऱ्यात जाऊन हवेत हात फिरवून पाहिला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा शंका आली, की बाईंना कळत असावं. पण शंकाच. माणसाला हवं ते मानायला फार वेळ लागत नाही. मी मानलं की बाईंनाही वयोमानाने कारणं सुचेनाशी झाली असतील.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर दहावीचे परीक्षेचे अर्ज भरायचे आले. तोवर मुलगी दहावीत गेली होती. चौतीस मुलं, चौतिसावी ती. अर्जात चूक झाली तर मुलाचं वर्ष जाणार. अर्ज गेलाच नाही तर मूल परीक्षेला बसणारच नाही. हेडसर दिवसातून तीनदा येऊन "मुदत, भाऊसाहेब, मुदत!" म्हणून जायचे. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशीपर्यंत मी एकही अर्ज पाठवला नव्हता. सगळी माहिती कागदावर, माझ्या सुंदर अक्षरात, तयार होती.

शेवटच्या दिवशी सकाळी मी चिमटी ओढली. चौथ्यांदा. माझ्या स्वतःच्या पोरीचा अर्ज जायचा असताना. आज हे लिहितानाही मान खाली जाते.

बाई त्या दिवशी वेल्ह्यातच एका पतपेढीत आल्या होत्या, त्यामुळे दहालाच पोचल्या. चहा नको म्हणाल्या. बोटही वर केलं नाही. मशीन चालूच केलं नाही. सरळ पेटीसमोर उकिडव्या बसल्या आणि झाकणाच्या स्क्रूवरून अंगठा फिरवला.

"भाऊसाहेब, ह्या स्क्रूचं डोकं पार झिजलं," त्या स्क्रूकडेच बघत म्हणाल्या. "म्या काय येवड्या येळा उगडली न्हाई पेटी."

खोलीत आम्ही दोघंच होतो.

त्यांनी पिशवीतून पिवळ्या मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर काढला. झाकण उघडलं, चिमटी दाबली, टक्क, झाकण लावलं. मग तो स्क्रूड्रायव्हर माझ्या टेबलावर, स्टीलच्या पट्टीच्या शेजारी नीट मांडून ठेवला.

"ह्यो ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ. पट्टीनं स्क्रू खराब हुतो. पट्टी बी वाकती." पट्टीचं टोक खरंच वाकलं होतं. "कवा गरज लागली तर ह्यानं उगडा."

चोराच्या हातात किल्ली दिल्यावर चोर काय बोलणार? बाईंनी कागद भरला, फाडला, टेबलावर ठेवला. मी वाचला नाही. वाचायची गरज नव्हती.

"आज म्या थांबत न्हाई. पतपेढीत मशीन उगडी टाकून आले. चष्मा बी हाय आज माज्याजवळ," आणि पहिल्यांदाच हसल्या. "किती हाईत अर्ज?"

"चौतीस."

"लेकीचा पयला भरा. मग बाकीचे सोपे जातील."

त्या गेल्या. नेटचं ते बोटभर यंत्र आम्ही खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं असायचं, तरच त्याला रेंज मिळायची. मी ते बांधलं. मुलीचा अर्ज उघडला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय. चारदा तपासलं. पाठवायच्या बटणावर बाण नेला आणि टेबलावरच्या त्या पिवळ्या मुठीकडे पाहिलं. अजून वेळ होती. झाकण उघडायला आता अर्धं मिनिटही लागलं नसतं. चिमटी ओढायची, चेहरा पाडायचा, उद्या मुदतवाढ मिळेलही. सगळं त्या बाईनं माझ्या हातात ठेवलं होतं.

मी बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरात अर्ज स्वीकारल्याचं आलं. चौतिसावा अर्ज गेला तेव्हा शाळा सुटत होती. जेवणाचा डबा तसाच होता. एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"झालं?"

"झालं, बाई."

"समदे?"

"सगळे."

"मग आता बंद करा नीट आन् घरी जा. वायर उपटू नका," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी रिसीव्हर तसाच कानाला लावून बराच वेळ बसलो होतो, हे मला शिपायानं मागून सांगितलं.

त्यानंतर मी त्या पेटीला हात लावला तो फक्त धूळ पुसायला. निवृत्त होईपर्यंत आठ वर्षं काम केलं. गावात लोक "कॉम्प्युटरचं काही असलं तर भाऊसाहेबांना विचारा" म्हणायला लागले. मुलगी शिकून नोकरीला लागली. बाई वर्षातून दोनदा येत राहिल्या, कधी काम असे, कधी नुसत्याच. चहा घ्यायच्या, मशीन उठताना ऐकायच्या, "ब्येस हाय" म्हणायच्या. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. रोज मनात यायचं, आज सांगू. रोज वाटायचं, पुढल्या खेपेला.

माझ्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कळलं की बाईंनी फिरणं बंद केलंय, छातीचं दुखणं आहे. मे महिना होता. पाच किलो इंद्रायणी तांदूळ पिशवीत घेतला आणि भोरला गेलो. त्या खिडकीशी खाटेवर बसल्या होत्या, पाठीला दोन उशा. आणखी बारीक झालेल्या. शेजारच्या स्टुलावर एक पेटी झाकण काढून ठेवलेली, कुणाची तरी. त्यांच्या धाकट्या बहिणीनं माझ्या हातातून तांदूळ घेतला आणि चहा ठेवायला आत गेली.

इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणालो, "बाई, एक सांगायचं राहून गेलंय."

"ऱ्हाऊ द्या की मग."

"नाही. ते मशीन... तेव्हा ते चार वेळा..."

त्यांचं बोट वर गेलं. डोळे मिटले, मान डावीकडे कलली. मी गप्प झालो, सवयच तशी होती. त्यांचा श्वास ऐकू येत होता, मध्येच अडकणारा. डोळे न उघडता त्यांनी विचारलं,

"कागदावं काय लिवलंय, भाऊसाहेब?"

"दमट हवा."

"कुनी लिवलंय?"

"तुम्ही."

"दोन तालुक्यांत इचारा. म्या कवा खोटं कारन लिवलंय का?"

"नाही, बाई."

"मग?" डोळे उघडले. "येल्ह्याची हवाच तशी हाय. तुमी काय करनार तिला?"

बहीण चहा घेऊन आली तेव्हा मी डोळे पुसत होतो. बाईंनी तिला सांगितलं, "भाऊसाहेबांच्या डोळ्यात धूळ गेली, पंखा जरा कमी कर." एवढ्या आजारातही त्या माझ्यावर पांघरूण घालत होत्या. माझ्यावर सख्ख्या माणसांनीही एवढी माया केली असेल, असं मला वाटत नाही. तेवढंच त्यांना सांगायला हवं होतं, आणि तेही सांगितलं नाही. चहा प्यालो आणि चारची एसटी गाठली.

महिन्याभरात त्या गेल्या. मला तिसऱ्या दिवशी कळलं. भोरला गेलो तर दुकानाला कुलूप होतं. पाटीवरचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाचलं.

परवा श्रावणात शाळेतून फोन आला. माझ्या जागी आलेल्या लेखनिक बाई कामात तरबेज आहेत, पण मशीन तीन दिवस उठत नव्हतं, नुसतं ओरडत होतं. हेडसर नवे आहेत. म्हणाले, भाऊसाहेब, तुम्हीच या.

गेलो. त्याच कोपऱ्यात तीच पेटी. बाहेर भाताच्या खाचरांवर ढग उतरला होता, शाळेचं फाटकही दिसत नव्हतं. लेखनिक बाई सांगायला लागल्या आणि माझं बोट आपोआप वर गेलं. तीनदा ऐकलं. पिवळ्या मुठीनं स्क्रू काढले. खोटं कशाला बोलू, आधी चिमट्याच पाहिल्या. दोन्ही घट्ट होत्या. पट्टी उपसली. सोनेरी दातांवर हिरवट थर चढला होता, झाकणाच्या आतून बोट फिरवलं तर ओलं झालं. खोडरबर मागून घेतला, घासलं, पट्टी दाबली. टक्क, टक्क. मशीन उठलं.

हेडसर फाइल उघडून बसले होते. "भाऊसाहेब, बिघाडाचं कारण काय लिहू?"

मी सांगितलं आणि बाहेर व्हरांड्यात आलो. बाईंचा नंबर अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. तो काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि तिथेच, समोरच्या ढगाकडे बघत, मोठ्यानं म्हणालो, "बाई, या खेपेला खरंच दमट हवा होती."